मॉरिस टर्नबुल: संघ चालवणारा हौशी क्रिकेटपटू

मधली यष्टी (धागालेखन)

दोन महायुद्धांच्या मधल्या इंग्लिश क्रिकेटविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते ब्रॅडमन, जार्डिन, लारवूड आणि दुलीपसिंहजी यांच्याभोवती फिरते. ज्या काउंटी क्रिकेटमधून, म्हणजे परगण्यांच्या संघांच्या आपसांतल्या सामन्यांतून, ही माणसे घडली, ते कोणी आणि कसे चालवले, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. म्हणून या धाग्यात एका हौशी काउंटी क्रिकेटपटूच्या कारकिर्दीविषयी सविस्तर लिहायचे आहे. त्याचे नाव मॉरिस जोसेफ लॉसन टर्नबुल. वेल्समधील ग्लॅमॉर्गन या काउंटीचे नेतृत्व त्याने 1930 ते 1939 असे सलग दहा मोसम केले, आणि माझ्या मते त्याच्यावाचून ती काउंटी चौथे दशक पार करू शकली नसती.

'हौशी' या शब्दामागे तेव्हा एक संपूर्ण सामाजिक रचना उभी होती. खेळाचे मानधन घेणारा तो व्यावसायिक, आणि केवळ प्रवासाचा व राहण्याचा खर्च घेणारा तो हौशी, अशी कागदोपत्री विभागणी होती. प्रत्यक्षात ती वर्गाची भिंत होती. बऱ्याच मैदानांवर दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या होत्या आणि मैदानात उतरण्याची फाटकेही वेगळी होती. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत आणि व्यावसायिकाची आडनावानंतर. कर्णधारपद तर जवळजवळ नेहमीच हौशी खेळाडूकडे जाई, मग संघात त्याच्याहून सरस असे चार व्यावसायिक का असेनात. ही विभागणी इंग्लंडमध्ये 1962 च्या अखेरीस रद्द झाली.

टर्नबुलचा जन्म 16 मार्च 1906 रोजी कार्डिफमध्ये झाला. घराणे जहाजव्यवसायातले आणि खेळात मुरलेले. वडील फिलिप टर्नबुल 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये वेल्सच्या हॉकी संघातून खेळले होते आणि भाऊ बर्नार्ड वेल्सकडून रग्बी खेळला. मॉरिस डाउनसाइड शाळेत शिकत असतानाच, 1924 च्या उन्हाळ्यात, ग्लॅमॉर्गनकडून पहिला सामना खेळला. समोर बलाढ्य लँकेशायर होते आणि स्वान्सीच्या त्या सामन्यात लँकेशायर चक्क हरले. पुढे तो केंब्रिजला गेला आणि 1929 मध्ये विद्यापीठ संघाचा कर्णधार झाला. त्याच वर्षाच्या शेवटी न्यूझीलंड दौऱ्यावर गेलेल्या इंग्लंडच्या संघात त्याची निवड झाली आणि कसोटी खेळणारा ग्लॅमॉर्गनचा तो पहिला खेळाडू ठरला. दुलीपसिंहजीही त्याच दौऱ्यावर होते.

आता ग्लॅमॉर्गनची अवस्था पाहू. काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत या संघाला 1921 मध्ये प्रवेश मिळाला. पहिला सामना त्यांनी ससेक्सविरुद्ध जिंकला खरा, पण त्यानंतरची वर्षे बहुतांशी तळाशी गेली. 1929 मध्ये संघ शेवटच्या क्रमांकावर होता आणि त्या एका मोसमात अनेक जणांनी आळीपाळीने नेतृत्व केले, कारण पूर्ण उन्हाळा मोकळा असलेला हौशी खेळाडू मिळतच नव्हता. त्यात दक्षिण वेल्सचे अर्थकारण कोसळलेले. कोळशाची निर्यात हाच या भागाचा कणा. 1926 चा खाणकामगारांचा दीर्घ संघर्ष आणि त्यामागोमाग आलेली जागतिक मंदी यांनी खोऱ्याखोऱ्यांत बेकारी पसरली. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, तो मैदानाचे तिकीट कोठून काढणार? काउंटीच्या गंगाजळीत खडखडाट होता.

अशा वेळी 1930 मध्ये चोवीस वर्षांच्या टर्नबुलने कर्णधारपद घेतले आणि काही काळातच चिटणीसपदही स्वीकारले. त्याची खरी कारकीर्द इथे सुरू होते, असे मला वाटते. उन्हाळ्यात तो संघ चालवत असे आणि हिवाळ्यात पैसा उभा करत असे. नृत्याचे कार्यक्रम, मेजवान्या, वर्गणी, गावोगावच्या क्लबांच्या भेटी असा त्याचा हिवाळा जाई. त्याचा ज्येष्ठ सहकारी जॉनी क्ले हाही हौशी खेळाडू. स्वतः आधी कर्णधार राहिलेला हा माणूस या कामात त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. 1934 मध्ये शेजारच्या मन्मथशायर काउंटीचे ग्लॅमॉर्गनमध्ये विलीनीकरण झाले, आणि हा मला त्या सगळ्या काळातला सर्वांत दूरदर्शी निर्णय वाटतो. न्यूपोर्टसारखे शहर पदरात पडले, नवे वर्गणीदार मिळाले, आणि मायनर काउंटी या दुय्यम स्पर्धेतली मन्मथशायरची जागा ग्लॅमॉर्गनच्या दुसऱ्या संघाला मिळाल्यामुळे स्थानिक मुलांना तयार करण्याची सोय झाली. तोपर्यंत या संघाला इतर काउंट्यांनी सोडलेल्या खेळाडूंवर बरेच अवलंबून राहावे लागत होते.

फलंदाज म्हणून तो कसा होता? प्रथम श्रेणीत सतरा हजारांहून अधिक धावा आणि 29 शतके. सरासरी तिसाच्या किंचित खाली. सर्वोच्च धावसंख्या 233, ती 1937 मध्ये वूस्टरशायरविरुद्ध स्वान्सीला. नऊ कसोटींत मात्र त्याला शतक करता आले नाही. दक्षिण आफ्रिकेत 1930-31 च्या दौऱ्यात काढलेल्या 61 धावा हीच सर्वोत्तम खेळी. त्याची सरासरी वाचताना एक गोष्ट विसरू नये: दुबळ्या संघाचा कर्णधार बऱ्याचदा पडझड झाल्यावर खेळायला येतो. शॉर्ट लेगवरचा तो अव्वल क्षेत्ररक्षक होता, ही गोष्ट कोणत्याही सरासरीत उतरत नाही.

त्याची एक खेळी मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट 1932 मध्ये नॉटिंगहॅमशायरचा संघ कार्डिफच्या आर्म्स पार्कवर आला. त्यांच्याकडे हॅरॉल्ड लारवूड आणि बिल व्होस होते, आणि कर्णधार होता आर्थर कार. ऑस्ट्रेलियात ब्रॅडमनला रोखण्यासाठी काय करता येईल, याचा खल लंडनमध्ये इंग्लंडचा कर्णधार जार्डिन याच्यासोबत नुकताच झाला होता. त्या डावपेचांची रंगीत तालीम ग्लॅमॉर्गनवर झाली: लेग बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे आणि अंगावर येणारे आखूड टप्प्याचे चेंडू, म्हणजेच पुढे 'बॉडीलाइन' म्हणून गाजलेली गोलंदाजी. टर्नबुलने या माऱ्यावर 205 धावा काढल्या. दुसऱ्या टोकाला डाय डेव्हिस हा व्यावसायिक खेळाडू शतक ठोकत होता. ग्लॅमॉर्गनने 502 धावा उभारल्या. खेळपट्टी मंद होती हे मान्यच. तरीही जी गोलंदाजी काही महिन्यांत दोन देशांच्या संबंधांवर ताण आणणार होती, तिच्यासमोर स्पर्धेतल्या दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाने असा खेळ केला, ही घटना बॉडीलाइनच्या इतिहासात फार थोडक्यात आटोपली जाते.

तो रग्बीही त्याच उंचीवर खेळला. जानेवारी 1933 मध्ये वेल्सने ट्विकेनहॅमवर इंग्लंडला प्रथमच हरवले, त्या संघात टर्नबुल स्क्रम-हाफ होता. क्रिकेटमध्ये इंग्लंडकडून आणि रग्बीमध्ये वेल्सकडून खेळलेला तो एकमेव खेळाडू आहे. हॉकी आणि स्क्वॉशमध्येही त्याने वेल्सचे प्रतिनिधित्व केले.

1938 आणि 1939 मध्ये तो इंग्लंडच्या निवड समितीवर होता. मग युद्ध आले. वेल्श गार्ड्समध्ये तो मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला आणि 5 ऑगस्ट 1944 रोजी नॉर्मंडीत माँशाँ गावाजवळच्या लढाईत मारला गेला. तेव्हा तो 38 वर्षांचा होता.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः या हौशी-व्यावसायिक विभागणीविषयी वेगळी मते असतील, तर ती अवश्य मांडावीत.

वडाची सावली

लेख अतिशय आवडला. ग्लॅमॉर्गन हे नाव आपल्या पिढीला रवी शास्त्रींमुळे ठाऊक. ते 1987 पासून काही मोसम तिथे खेळले. त्याआधीचा हा इतिहास मला अजिबात माहीत नव्हता.

एक शंका आहे. मानधन न घेता दहा-दहा वर्षे पूर्ण उन्हाळा क्रिकेटला देणे एखाद्या तरुणाला कसे परवडत असे? घरची श्रीमंती गृहीत धरली, तरी आपण वर्णन केलेल्या मंदीत जहाजव्यवसायालाही झळ बसलीच असेल.

मधली यष्टी

आपली शंका अगदी वर्मावर बोट ठेवणारी आहे. पहिल्या महायुद्धानंतर निव्वळ वडिलोपार्जित उत्पन्नावर खेळणारे हौशी खेळाडू झपाट्याने कमी होत गेले. करांचा बोजा वाढला होता, आणि वकिली, विमा किंवा पेढी यांतले तरुण फार तर सुटीच्या महिन्यात खेळू शकत. त्यामुळे बहुतेक काउंट्यांमध्ये ऑगस्टमध्ये विद्यापीठांतले आणि शाळांतले हौशी खेळाडू येत आणि मे-जूनमध्ये राबलेल्या एखाद्या व्यावसायिकाला जागा खाली करावी लागे. त्याच्या सामन्यागणिक मिळणाऱ्या पैशांवर पाणी पडे.

पूर्ण वेळ कर्णधार टिकवण्यासाठी काउंट्यांनी शोधलेला मार्ग म्हणजे पगारी चिटणीसपद. खेळाचे पैसे द्यायचे नाहीत, पण कार्यालयाच्या कामाचे द्यायचे, म्हणजे हौशीपणाला बाध येत नाही. बऱ्याच ठिकाणी ही शुद्ध पळवाट होती. कार्यालयाचे काम दुसराच कोणी करी. टर्नबुलच्या बाबतीत मात्र मला त्या पदाविषयी आदर वाटतो, कारण चिटणीसाचे काम तो खरोखर करत होता, आणि त्या कामावरच इतरांचे पगार अवलंबून होते.

तिसरा पंच

टर्नबुलच्या कर्तृत्वाविषयी वाद नाही, परंतु या चित्राची दुसरी बाजू ठळकपणे मांडली पाहिजे. ज्या व्यवस्थेत टर्नबुल उभा राहिला, तीच व्यवस्था डाय डेव्हिस, एम्रिस डेव्हिस किंवा जॅक मर्सर यांना कर्णधारपदाचा विचारही करू देत नव्हती. मर्सरने 1936 मध्ये वूस्टरशायरविरुद्ध एका डावात सगळेच्या सगळे दहा गडी बाद केले. एम्रिस डेव्हिसने 1937 च्या एकाच मोसमात दोन हजार धावा आणि शंभर बळी अशी कामगिरी केली. या माणसांची क्रिकेटची समज कोणत्या केंब्रिजवाल्याहून कमी होती? त्यांना हिवाळ्यात दुसरे काम शोधावे लागे आणि उतारवयाची तरतूद म्हणून एका लाभाच्या सामन्याकडे (ज्याचे उत्पन्न त्या खेळाडूला मिळे) डोळे लावून बसावे लागे. त्या सामन्यात पाऊस पडला, तर नशिबाला बोल लावायचा.

व्यावसायिक माणूस नेतृत्व करू शकत नाही, हा समज 1935 मध्ये लेस्टरशायरने खोटा ठरवला. त्यांनी ईवर्ट ॲस्टिल या व्यावसायिकाला कर्णधार नेमले आणि तो संघ सहाव्या क्रमांकावर पोहोचला. पुढच्याच वर्षी कर्णधारपद पुन्हा हौशी खेळाडूकडे गेले. यॉर्कशायरने 1927 मध्ये हर्बर्ट सटक्लिफला कर्णधारपद देऊ केले होते, पण एवढे काहूर उठले की त्यानेच नकार कळवला.

आपल्याकडेही हे घडले आहे आणि त्याची धार अधिक तीव्र होती. बाळू पालवणकर हे 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे गोलंदाज. पण मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद जातीमुळे त्यांच्या वाट्याला आले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले आणि संघ जिंकला. नेतृत्व कोणाकडे द्यायचे हे खेळापलीकडच्या निकषांवर ठरले की खेळाचे नुकसान होते, मग निकष कार्डिफचा असो वा मुंबईचा.

मधली यष्टी

तिसरा पंच, आपल्या प्रतिसादातील एकही वाक्य मी नाकारणार नाही. ॲस्टिलचे उदाहरण मूळ लेखातच यायला हवे इतके महत्त्वाचे आहे. व्यवस्था अन्याय्य होती, आणि टर्नबुलसारख्या एखाद्याच्या कर्तबगारीने ती न्याय्य ठरत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या व्यवस्थेत पद मिळणे आणि पदाचे चीज करणे या वेगळ्या गोष्टी होत्या. नॉर्दॅम्प्टनशायरकडे पाहा. ती काउंटीही गरीब आणि दुबळी, तिलाही हौशी कर्णधार लाभत गेले. पण मे 1935 पासून मे 1939 पर्यंत तिला अजिंक्यपद स्पर्धेत एकही सामना जिंकता आला नाही. त्याच काळात, 1937 मध्ये, ग्लॅमॉर्गन सातव्या क्रमांकावर पोहोचले. तोवरची ती त्यांची सर्वोत्तम मजल होती. त्या मोसमात क्लेने 176 बळी घेतले, आणि ग्लॅमॉर्गनसाठी एका मोसमातला तो विक्रम आजही अबाधित आहे. आपण उल्लेखिलेली एम्रिस डेव्हिसची कामगिरीही त्याच मोसमातली. म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोघांचेही सर्वोत्तम वर्ष टर्नबुलच्या हाताखाली एकत्र आले, आणि त्याचे श्रेय कर्णधाराला द्यावे असे मला मनापासून वाटते.

पाखाडी

या धाग्यात एक भारतीय दुवा जोडतो. टर्नबुलची शेवटची कसोटी भारताविरुद्धच होती: लॉर्ड्स, जून 1936. कर्णधारपदाविषयी वर जी चर्चा झाली, तिच्यासाठी याहून बोलका सामना शोधूनही सापडणार नाही. भारताचे कर्णधार होते विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांची निवड खेळापेक्षा पैसा आणि वजन यांच्या बळावर झाली होती. संघात सी. के. नायडूंसारखा मुरब्बी नेता असताना त्यांना साध्या खेळाडूच्या भूमिकेत खेळावे लागले, आणि लाला अमरनाथ यांना तर बेशिस्तीचा ठपका ठेवून कसोटीपूर्वीच घरी पाठवण्यात आले होते.

तरीही भारताने पहिल्या डावात आघाडी घेतली. विजय मर्चंट आणि आपले दत्ताराम हिंदळेकर यांनी डावाची सुरुवात केली. भारत 147 वर आटोपला, पण अमर सिंग यांनी 35 धावांत 6 बळी घेत इंग्लंडला 134 वर गुंडाळले. टर्नबुल त्या डावात शून्यावर बाद झाला. दुसऱ्या डावात भारताच्या फक्त 93 धावा झाल्या आणि इंग्लंडने नऊ गडी राखून सामना जिंकला. तेव्हा हॅरॉल्ड गिंबलेट 67 आणि टर्नबुल 37 धावांवर नाबाद होते.

यात आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अमर सिंग त्या वेळी लँकेशायर लीगमध्ये कोल्न या क्लबकडून व्यावसायिक म्हणून खेळत होते आणि कसोटीसाठी त्यांना क्लबकडून मागून घ्यावे लागले. म्हणजे त्या सामन्यातला भारताचा सर्वोत्तम गोलंदाज पोटासाठी खेळणारा होता आणि कर्णधार केवळ प्रतिष्ठेसाठी. हिंदळेकर हे मुंबई पोर्ट ट्रस्टमधले तुटपुंज्या पगाराचे नोकरदार. त्यांना 'हौशी' म्हणायचे तरी कोणत्या अर्थाने?

वडाची सावली

पाखाडी, ही माहिती मोलाची आहे. एक शेवटचा प्रश्न धागालेखकांना: ग्लॅमॉर्गनने 1948 मध्ये अजिंक्यपद पटकावले, असे मागे वाचले होते. टर्नबुलच्या मृत्यूनंतर अवघ्या चार वर्षांत हे कसे जमले? त्या संघात त्याच्या वेळचे कोणी होते का?

मधली यष्टी

होते, आणि बरेच होते. 1948 चा कर्णधार विल्फ वुलर हा टर्नबुलसोबतच 1933 च्या ट्विकेनहॅमच्या सामन्यात वेल्सकडून पहिल्यांदा रग्बी खेळला होता. युद्धात तो जपान्यांचा कैदी झाला आणि सिंगापूरच्या चांगी छावणीत राहिला. परत आल्यावर त्याने ग्लॅमॉर्गनचे कर्णधारपद आणि चिटणीसपद दोन्ही घेतले, म्हणजे टर्नबुलने घालून दिलेलीच घडी पुढे चालवली. सलामीचा फलंदाज एम्रिस डेव्हिस तोच होता. यष्टिरक्षक हेडन डेव्हिस, डावखुरा विली जोन्स आणि फिल क्लिफ्ट हे तिघेही टर्नबुलच्या नेतृत्वाखाली 1935 ते 1937 च्या दरम्यान संघात आले होते. निर्णायक सामना बोर्नमथला हॅम्पशायरविरुद्ध झाला. तिथे पन्नास वर्षांचा जॉनी क्ले गोलंदाजी करत होता, आणि अखेरचा गडी पायचीत झाला तेव्हा बोट वर करणारे पंच होते डाय डेव्हिस, म्हणजे 1932 मध्ये लारवूडसमोर टर्नबुलच्या जोडीने शतक काढणारा तोच खेळाडू.

मन्मथशायरच्या विलीनीकरणाचे फळही याच संघात दिसते. क्लिफ्ट आणि ॲलन वॉटकिन्स हे दोघेही त्या काउंटीतल्या अस्क गावचे. वॉटकिन्सने 1939 मध्ये, टर्नबुलच्या शेवटच्या मोसमात, ग्लॅमॉर्गनकडून पदार्पण केले. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या 1948-49 च्या दौऱ्यात शतक करून तो कसोटी शतक काढणारा ग्लॅमॉर्गनचा पहिला खेळाडू ठरला. नोव्हेंबर 1951 मध्ये दिल्लीच्या कसोटीत विजय हजारे आणि विजय मर्चंट यांच्या शतकांमुळे भारताचा विजय दृष्टिपथात आला असताना, नाबाद 137 धावा काढून तो सामना अनिर्णित राखणारा वॉटकिन्स हाच.